शांतपणे घेऊन जा

५ फेब्रुवारी

ताई,

मायना काय लिहावा यातच माझी जेवणाची अर्धी सुट्टी गेली. आधी 'प्रिय' लिहिलं, मग खोडलं. नऊ वर्षांनी एकदम 'प्रिय' म्हणजे तुला वाटेल काहीतरी मागायला आले आहे. मागायला आलेले नाही.

तुझा पत्ता मावशीकडून मिळवला. तिच्यावर चिडू नकोस, ती देतच नव्हती, मी तिच्या अगदी डोक्यावर बसले. तू शाळेच्या मुलांची गाडी चालवतेस म्हणाली. मला हसूच फुटलं. बाबांची सायकल घेऊन दुधवाल्याच्या कॅनवर आदळणारी तू, आणि आता तीस पोरांचे आईबाप तुझ्या भरवशावर!

इथे सगळं ठीक आहे. मी अजून पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातच आहे, तक्रारींच्या फोनवर. दिवसाला नव्वद-शंभर माणसं माझ्यावर ओरडतात आणि मी म्हणते, "आपली तक्रार नोंदवली आहे." हे चारचौघांत कौतुकाने सांगतात, "आमच्या हिचा आवाज कधी चढलेला ऐकलाय का कुणी?" यांचं कॉलेजातलं गणित शिकवणं चालू आहे. मूलबाळ नाही, ते तुला माहीतच आहे.

जानेवारीत ऑफिसात मला जरा चक्कर आली. काही विशेष नाही, पण सुपरवायझर मॅडमनी कागद पुढे केला: सोळा आठवडे समुपदेशन, दर मंगळवारी चार वाजता, ऑफिसतर्फे. परवा पहिलाच मंगळवार झाला. एक डॉक्टरबाई आहेत, साठीच्या पुढच्या, पायात पुरुषी बूट. खोलीत दोन खुर्च्या. खिडकीतून समोर टायरचं दुकान दिसतं. आधी त्यांनी एक फॉर्म भरायला दिला. बत्तीस वाक्यं होती. 'मी राग आतल्या आत ठेवते : कधीच नाही, कधीकधी, बहुतेक वेळा, नेहमी.' मी विचारलं, "यातलं बरोबर उत्तर कुठलं?" त्या म्हणाल्या, "तुमचं." मी सगळीकडे 'नेहमी'वर खूण केली. वाटलं, पैकीच्या पैकी मिळतील.

हे गाडीने सोडतात, खाली थांबतात आणि परत आणतात. किती करतात बघ.

हे पत्र ऑफिसातून लिहिते आहे. उत्तर दिलंस तर ऑफिसच्याच पत्त्यावर दे. घरी टपाल कधी कधी गहाळ होतं.

काळजी करू नकोस.

तुझी
छोटी


१२ मार्च

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं. तरी रोज टपालवाला आला की मान वर होते.

मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. घरी टपाल गहाळ होत नाही. हे फोडून वाचतात आणि मग नीट घडी घालून माझ्या उशीवर ठेवतात. चोरून नाही, उघड. "नवरा-बायकोत तुझं माझं कशाला?" माझा मोबाइलही आमचा दोघांचा आहे. यांचा मात्र यांचाच, कारण त्यात विद्यार्थ्यांचे नंबर असतात.

सहा मंगळवार झाले. ताई, या बाईंचं काय करावं मला कळत नाही. सल्ला म्हणून काही देत नाहीत. मला वाटलं होतं, श्वास मोजायला सांगतील, फिरायला जा म्हणतील. तसलं काहीच नाही. नुसतं बघतात.

मी म्हटलं, "आमचं छान चाललंय."

"आमचं म्हणजे कुणाचं?"

"म्हणजे, घरातलं."

"आणि तुमचं?"

मी हसले. तर म्हणाल्या, "आत्ता तुम्ही हसलात. त्याच्या आधी एक मोठा श्वास सोडलात, आणि अंगठा मुठीत धरलात. काय झालं आत्ता?"

"काही नाही, सवय आहे."

"कशाची?"

ही अशी तासभर झटापट. बाहेर टायरवाल्याचा हवेचा पंप धडधडत असतो आणि मी आत बसून म्हणत असते, काही नाही, काही नाही. मागच्या मंगळवारी मी वैतागून म्हटलं, "मला इथे नियंत्रण शिकायला पाठवलंय. ते कधी सुरू करणार?" त्या म्हणाल्या, "नियंत्रण तुमच्याकडे ढीगभर आहे. इतकं, की त्याच्या खालून तुम्हालाच उकरून काढावं लागेल."

गाडीत बसल्यावर हे विचारतात, "आज काय बोललीस?" मी थोडंफार सांगते. "माझं नाव निघालं?" "नाही." "निघालं तरी हरकत नाही, मी काय कुणाला मारतो की पितो?" खरंच आहे ते. यांनी आजवर आवाज चढवलेला नाही. काही मनाविरुद्ध झालं की हे बोलणं बंद करतात, एवढंच. ताट घेऊन आतल्या खोलीत जातात. एक दिवस, कधी चार. आमच्यातला सगळ्यात लांब अबोला अकरा दिवसांचा होता. मी पडदे बदलले होते, न विचारता.

मग मी माफी मागते आणि सगळं सुरळीत होतं.

आणि चक्कर आली नव्हती. त्या दिवशी एका बाईंचा फोन आला. तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही, अशी तक्रार. मागे एक पुरुष होता. ओरडत नव्हता, अगदी हळू सांगत होता. "चार दिवस म्हण. नीट सांग. तिला कळेल असं सांग." आणि ती बाई एकेक वाक्य त्याच्यामागून म्हणत होती. शेवटी ती थोडं हसली आणि म्हणाली, "चुकलं माझंच, मी आधीच फोन करायला हवा होता."

आणि मी म्हटलं, "बाई, पाण्याचं राहू द्या. तुम्ही घरातून बाहेर पडा. चपला घाला आणि आत्ताच्या आत्ता बाहेर पडा."

एकदा म्हणून थांबले असते तर निभावलं असतं. म्हणतच राहिले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी माझ्या कानावरचा हेडफोन ओढून काढला तेव्हा मला कळलं की सगळा हॉल माझ्याकडे बघतोय. आमचे फोन रेकॉर्ड होतात. तिच्या नवऱ्याने लेखी तक्रार दिली.

माझा मीच आवाज ऐकला नंतर, मॅडमच्या केबिनमध्ये. ओळखू आला नाही. तुझ्यासारखा होता.

काळजी करू नकोस.

छोटी


१ एप्रिल

ताई,

डॉक्टरबाईंनी विचारलं, "त्या फोनवर तुम्ही कुणाला बाहेर काढत होतात?"

मी म्हटलं, "त्या बाईंना."

त्या गप्प. हे त्यांचं गप्प बसणं यांच्या अबोल्यासारखं नाही. यांच्या अबोल्यात मला गुदमरायला होतं. बाईंच्या गप्प बसण्यात मला वाटतं की कुणीतरी दार धरून उभं आहे, आधी तुम्ही चला म्हणून.

मग मी म्हटलं, "मला एक बहीण आहे." नऊ आठवड्यांत पहिल्यांदा तुझं नाव निघालं. मी त्यांना आपल्या घराचं सांगितलं. बाबांचं. बाबांपुढे तू तोंड उघडायचीस आणि मार खायचीस, आणि मी दाराआड उभी राहून शिकायचे की तोंड उघडलं की काय होतं. आई पाहुण्यांना सांगायची, "मोठी म्हणजे फटाका. धाकटी बघा कशी शहाणी, हूं नाही की चूं नाही." मला त्याचा केवढा अभिमान! तू कोपऱ्यात गाल चोळत बसलेली असायचीस आणि मी पाहुण्यांना पाणी द्यायचे.

"बहिणीला मार बसायचा तेव्हा तुम्हाला काय वाटायचं?"

"वाटायचं, ही गप्प का बसत नाही."

"हा विचार झाला. वाटायचं काय?"

"पोटात दुखायचं."

"आत्ता दुखतंय?"

दुखत होतं.

मग त्यांनी विचारलं की बहीण आता कुठे असते. मी सांगितलं, ती नऊ वर्षांपूर्वी दाजींचं घर सोडून माझ्याकडे आली, तीन दिवस राहिली आणि परत गेली. त्यानंतर बोलणं नाही.

"परत का गेली?"

"दाजी आले न्यायला."

"त्यांना कसं कळलं ती तुमच्याकडे आहे?"

मी घड्याळाकडे बघितलं. अजून वीस मिनिटं होती. मी म्हटलं, "आमच्या यांनी कळवलं असेल."

घरी येताना गाडीत यांनी विचारलं, "आज कुणाचा विषय?" मी म्हटलं, "बाबांचा." हे खूश झाले. "बघ, मूळ तिथे आहे. मी म्हणतच होतो." आणि सिग्नलला थांबल्यावर माझ्या गुडघ्यावर थोपटलं. माझा पाय दगडासारखा झाला होता. त्यांच्या लक्षात आलं नाही.

ऑफिसात आज कुणीतरी माझ्या खुर्चीला 'इथे ओरडू नये' अशी चिठ्ठी चिकटवली होती. एक एप्रिल ना. मी हसले. मग स्वच्छतागृहात जाऊन ती चिठ्ठी इतकी बारीक फाडली की तुकडे बोटांना चिकटले.

छोटी


१६ एप्रिल

ताई,

हे पत्र तू उभ्याने वाचू नकोस. गाडीत तर नकोच.

फोन यांनी केला नव्हता. मी केला.

तू आलीस त्या दिवशी हे म्हणाले, "राहू दे की तिला. तुझी बहीण आहे, मी कोण नाही म्हणणारा? फक्त त्यांचा फोन आला तर खोटं तू बोलायचंस, मी बोलणार नाही." मग ताट घेऊन आत गेले. दुसऱ्या दिवशीही आत. तू मला विचारलंस, "माझ्यामुळे का गं?" आणि मी म्हटलं, "छे, पेपर तपासायचेत त्यांना." तिसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला निघताना यांनी फोन उचलून माझ्यासमोर टेबलावर ठेवला. "तूच ठरव," म्हणाले. दोन दिवसांत माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. दार लावून गेले.

तू गच्चीवर कपडे वाळत घालत होतीस. माझेही घेऊन गेली होतीस. मी खिडकीतून बघितलं, तू माझ्या परकराची नाडी सोडवत होतीस.

मी दाजींना फोन केला. म्हटलं, "ताई इथे आहे. येऊन शांतपणे घेऊन जा." शांतपणे म्हटलं मी. जणू एखादं पार्सल, आदळआपट न करता न्यावं असं.

ते यायला चार तास लागले. त्या चार तासांत आपण दोघी जेवलो. वाटाणे सोललेस तू. म्हणालीस की कुठे नोकरी मिळाली तर एक खोली घेईन, तुला कंटाळा आला की माझ्याकडे येत जा. मी हो म्हटलं. बेल वाजली तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "उघडू नकोस." मी उघडलं.

दीड महिन्याने तुझं मनगट मोडल्याचं मावशीने कळवलं. मी त्या दिवशी ऑफिसात एकशे बारा तक्रारी नोंदवल्या. तो आमच्याकडचा विक्रम आहे अजून.

हे परवा अकराव्या मंगळवारी बाहेर आलं. सुरुवात यांच्यापासून झाली. बाईंनी विचारलं, "त्यांनी फोन समोर ठेवला, त्या क्षणी अंगात काय झालं?" मी नेहमीचं म्हणायला लागले, त्यांचंही बरोबरच होतं, आणि मला जमेना. पोटातून एक गरम लोट उठला, खांद्यात आला, हातांत आला. मी खुर्चीचे दांडे धरले. बाई म्हणाल्या, "आवरू नका. इथे कुणाला काही होणार नाही. हातांना काय करायचंय?" मी म्हटलं, ढकलायचंय. "ढकला. मनात बघा. पुढे?" मी बघितलं. हे टेबलावर आपटले, खाली पडले. मी वरून बघत होते आणि मला काही म्हणजे काही वाटत नव्हतं, नुसतं मोकळं. "चेहरा बघा त्यांचा," बाई म्हणाल्या.

ताई, तो चेहरा तुझा होता.

त्यानंतर मी किती रडले ते लिहीत नाही. रडून तुझं काही भरून येत नाही. बाईंनी 'जाऊ द्या' म्हटलं नाही. 'तुमचा काय दोष' असंही म्हटलं नाही. त्यासाठी मी त्यांची आभारी आहे. एवढंच म्हणाल्या, "नऊ वर्षं हे एकटीने दाबून ठेवलंत. सगळी ताकद त्यातच गेली असणार."

हे मला तुझ्याकडून माफी मिळावी म्हणून सांगत नाही. हे वरचं वाक्य मी आत्ता पुन्हा वाचून बघितलं, तर खोटं वाटलं. मिळाली तर हवीच आहे.

छोटी


३० एप्रिल

ताई,

मागचं पत्र मिळालं असेल. तू फाडलंही असशील.

इथे एक झालं. परवा नाही, त्याच्या आधीच्या मंगळवारी माझे डोळे सुजलेले बघून यांनी गाडी सुरूच केली नाही. म्हणाले, "तुला बरं करायला पाठवलं होतं. आधी निदान हसत तरी होतीस." मी म्हटलं, "मला ताईचं वाईट वाटतंय. आणि थोडा तुमचा रागही आलाय." 'थोडा' म्हटलं मी.

यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गाडी सुरू केली. तेव्हापासून अबोला. दुसऱ्या दिवशी टीव्हीच्या रिमोटखाली एक छापलेला कागद होता. माझा राजीनामा. 'प्रकृतीच्या कारणास्तव'. वर पेन, टोपण काढून ठेवलेलं.

ताई, मी पाच दिवस काढले. तुला हसू येईल, पाच दिवस म्हणजे काय मोठं! पण या घरात आम्ही दोघंच आहोत. मी चहा ठेवला की हे उठून स्वतःचा वेगळा चहा ठेवतात. मी खोलीत आले की दिवा मालवून निघून जातात, जणू खोलीत कुणीच नाही. तिसऱ्या दिवशी मी आरशात बघून मोठ्याने 'आपली तक्रार नोंदवली आहे' म्हणून बघितलं, आवाज आहे का पाहायला. यांची बहीण आली, तिच्याशी हे तास-दीड तास गप्पा मारत होते, खळखळून हसत होते. जाताना ती मला म्हणाली, "वहिनी, किती नशीबवान तुम्ही, दादासारखा देवमाणूस मिळाला."

सोमवारी मी सही केली.

हे लगेच बोलले. "जेवलीस का?" म्हणाले. आणि ताई, मला इतकं बरं वाटलं! त्याचीच जास्त लाज वाटते. संध्याकाळी भांडी विसळताना हे शीळ घालत होते. म्हणाले, "ऑफिस सुटलं की ते मंगळवारचंही सुटेल आपोआप. दोघं मजेत राहू."

काल नाही, परवा बाईंना सांगितलं. हसत सांगितलं. त्या म्हणाल्या, "सही करताना तुम्ही कुठे होतात?"

"तिथेच, सोफ्यावर."

"सोफ्यावर मला एक हात दिसतो. तुम्ही कुठे होतात?"



छोटी


९ मे

ताई,

तुझं पत्र काल आलं. टपालवाल्याने नाव दोनदा वाचून दाखवलं तरी मी हात पुढे केला नाही. शेवटी शेजारच्या बाईंनी घेऊन माझ्यापुढे ठेवलं.

तुझी वाक्यं इथे पुन्हा लिहून काढते, कारण मला ती माझ्या हाताने लिहून बघायची आहेत.

"फोन तू केलास हे मला त्याच दिवशी कळलं होतं. गाडीत बसल्यावर पहिल्या वळणाच्या आत त्याने सांगितलं, तुझ्याच बहिणीने बोलावलं. मनगट मोडलं त्याचं मला एवढं नाही. आपण जेवलो त्याचं आहे. तू मला दोनदा वाढलंस. नऊ वर्षं वाट बघितली की ही कधी तोंडाने सांगते. सांगितलंस तेव्हा बरं वाटायला हवं होतं. पण मी पत्र गाडीतच वाचलं, नको सांगितलं होतंस तरी, आणि इतका राग आला की शाळेसमोर मी पाच मिनिटं नुसती हॉर्नवर हात ठेवून बसले. मी तुला माफ केलेलं नाही. करीन असंही वाटत नाही. आणि पत्राच्या शेवटी काळजी करू नकोस असं लिहीत होतीस ना, ते बंद केलंस ते बरं केलंस. मी करतच नव्हते."

खाली तुझी सही. ना आशीर्वाद, ना काही.

मी वाचलं. मग पुन्हा वाचलं. ताई, या घरात, या ऑफिसात, माझ्याशी कुणी खरं रागावतच नाही. लोक ओरडतात ते पाण्यावर. हे गप्प बसतात. तू माझ्यावर रागावलीस, माझ्या नावाने. हे मला हवं होतं, असं लिहिलं तर तुला नाटकी वाटेल. पण आहे ते असं आहे.

यांनी सोमवारी राजीनामा स्वतः ऑफिसात नेऊन दिला. महिनाअखेर माझा शेवटचा दिवस.

छोटी


२४ मे, रविवार, दुपारी

ताई,

हे पत्र घरून लिहिते आहे. शिवणाच्या खोलीत बसले आहे, तू राहिली होतीस त्याच.

अकरा तारखेला मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. माझ्या जागी येणाऱ्या मुलीला काम शिकवायचं होतं, त्याबद्दल. सगळं सांगून झालं आणि त्यांनी सहज विचारलं, "पण एकदम का हो सोडताय?" माझं तोंड 'घरच्यांची इच्छा' म्हणायला उघडलं. अंगठा मुठीत गेला होता. मी तो सोडवला.

म्हटलं, "सही माझी आहे. मजकूर माझा नाही."

मॅडमना कळेना. "म्हणजे? तुमचे मिस्टर स्वतः आले होते द्यायला. मला तर कौतुक वाटलं, किती काळजी घेतात."

"मला नोकरी सोडायची नाही."

"मग हे काय?"

"मला राजीनामा मागे घ्यायचा आहे. कागद द्या, आत्ता लिहिते."

"घरी बोलून घ्या ना आधी."

"नाही," मी म्हटलं. आवाज जरा मोठा लागला. मॅडमनी दाराकडे बघितलं, रेकॉर्डिंगची आठवण झाली असावी. पण कागद दिला. मी तीन ओळी लिहिल्या, तिन्ही 'मी'ने सुरू झाल्या. त्या म्हणाल्या, डॉक्टरबाईंचं पत्र लागेल, तुम्ही कामाला ठीक आहात असं. ते आता मिळालं आहे.

घरी जाऊन सांगितलं. हे वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होते. पेन्सिल खाली ठेवली. "तू मला तोंडघशी पाडलंस. तुला कळतंय का? तू आजारी आहेस."

"मला राग आलाय."

"चौदा वेळा जाऊन हे शिकलीस?"

"हो."

वाट बघितली त्यांनी. त्या वाक्यानंतर मी नेहमी काहीतरी जोडते, पण, म्हणजे, तुमचंही बरोबर आहे. मी काही जोडलं नाही. मग ते म्हणाले, "ठीक आहे. इथून पुढे तुझं तू बघ. गाडी मिळणार नाही." आणि अबोला सुरू झाला. आज तेरावा दिवस. पडद्यांचा विक्रम मोडला. मी माझं अंथरूण इकडे आणलं आहे. माफी मागितलेली नाही. दोनदा अगदी दारापर्यंत गेले होते मागायला. दुसऱ्यांदा तर कडीला हात लावला होता.

तू विचारशील, मग बाहेर का पडत नाहीस? त्या फोनवरच्या बाईला सांगताना तर मोठी जीभ उचलली होतीस. ताई, मला अजून ते झेपत नाही. रोज सकाळी चपला घालते आणि ऑफिसला जाते, संध्याकाळी त्याच चपला घालून परत येते. ऑफिसातल्या शेजारच्या बाई त्यांच्या चुलतबहिणीची एक खोली रिकामी असल्याचं म्हणत होत्या. मी ऐकून घेतलं. बघायला अजून गेले नाही. हे लपवत नाही तुझ्यापासून.

पंधराव्या मंगळवारी रिक्षाने गेले होते, सोळाव्या मंगळवारी बसने गेले. पंधरा वेळा जाऊनही मला रस्ता माहीत नव्हता, कधी बघितलाच नव्हता. चुकीच्या थांब्यावर उतरले, पळत गेले, तरी वीस मिनिटं उशीर. धापा टाकत खुर्चीत बसले आणि बाई म्हणाल्या, "आज आपली शेवटची भेट." मला एकदम तो लोट आला. मी म्हटलं, "मला तुमचाही राग आलाय. सोळाच का? सगळं उचकून ठेवलंत आणि आता जा म्हणता? तुम्ही तुमच्या घरी जाल. मी कुठे जाऊ?"

त्यांनी समजूत घातली नाही. "अजून सांगा," म्हणाल्या. मी सांगितलं, वेळ संपेपर्यंत. त्यांच्या बुटांपासून टायरवाल्याच्या पंपापर्यंत सगळ्याचा राग सांगितला. त्या ऐकत होत्या, आणि त्यांचे डोळे भरले होते, आणि त्या तरीही ऐकत होत्या. इतकं रागावूनही समोरचं माणूस उठून गेलं नाही, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं. निघताना मीच हात पुढे केला.

तुझ्यावरही माझा एक राग आहे, तेही लिहून टाकते. तुला नऊ वर्षं माहीत होतं आणि तू एकदाही येऊन माझ्या मुस्काटात मारली नाहीस. तू वाट बघत बसलीस. तूसुद्धा! आपल्या घरात वाट बघायची कला बाबांनी दोघींना सारखीच दिली म्हणायची.

माफ करू नकोस. मनात येईपर्यंत तर अजिबात नको. पण रागावून का होईना, लिहीत जा.

आत्ता हे लिहिता लिहिता दारात सावली पडली. तेरा दिवसांनी तो बोलला.

"काय लिहितेयस?"

"पत्र."

"कुणाला?"

"ताईला."

मग, अगदी नेहमीच्या मऊ आवाजात, "वाचून दाखव."

"नाही."

तो अजून दारातच उभा आहे, ताई. मी लिहिते आहे.